पन्नाशीतल्या रॅपरने बोलायचं तरी कशावर?

जुनी_कॅसेट

परवा गाडीत क्लिप्स या अमेरिकन रॅपर जोडीचा २०२५ चा अल्बम लावला होता. शेजारी लेक, वय पंधरा, कानात स्वतःचे इअरबड्स, म्हणजे आईच्या गाण्यांपासून संपूर्ण संरक्षण. पहिलंच गाणं 'द बर्ड्स डोन्ट सिंग'. पुशा टी आणि मॅलिस हे सख्खे भाऊ, आईवडील दोघंही गेलेले, आणि या गाण्यात एक भाऊ आईशी बोलतो नि दुसरा वडलांशी. आईचं शेवटचं बोलणं आठवून पुशा टी म्हणतोय की तू निरोपच घेत होतीस की गं, मला कसं कळलं नाही. मी सिग्नलला थांबले होते, हिरवा कधी झाला पत्ताच नाही, मागच्यांनी हॉर्न मारून मारून जागं केलं. लेकीने एक इअरबड काढून विचारलं, "आई, हा तोच का, तुझा तो ड्रग्जवाला?"

हो, तोच. २००२ मध्ये यांचं 'ग्राइंडिन' आलं तेव्हा आम्ही बाकावर मुठी आपटून तो बीट वाजवायचो, आणि शब्द काय तर माल कसा विकतो, किती विकतो, संपलं. आम्हाला त्या आयुष्यातलं ओ की ठो कळत नव्हतं पण अंगात यायचं. आता तोच आवाज, तीच चावून चावून शब्द टाकायची पद्धत, आणि विषय आई गेल्याचा.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या तो जन्मदिवस धरला तर हिपहॉपची पन्नाशी कधीच उलटली. त्या पार्टीत नाचलेली पोरं आज साठी ओलांडून पुढे गेलीत. तर ऐकणारे मोठे झाले की रॅपही मोठा होणार का? की आपण आपलं जुनंच लावून बसणार आणि नवीन पोरं नवीन काहीतरी करणार? माझं मत आहे पण आधी तुम्ही बोला. जाणकारांनी प्रकाश टाकावा, अजाणकारांनी पण टाकावा.

बीटवेडा

होणार का काय, झालाय ऑलरेडी. जे-झीचा '४:४४' २०१७ चा, तेव्हा तो ४७ चा. बायकोची जाहीर माफी, आई समलिंगी आहे हे सांगणं आणि त्या गाण्याच्या शेवटी खुद्द आईचाच आवाज, आणि पैसा पोरांसाठी मागे कसा ठेवायचा यावर एक अख्खं गाणं. पहिला अल्बम आला तेव्हा हा २६ चा होता, त्या वयात यातलं एक तरी वाक्य त्याच्या तोंडून आलं असतं का?

आणि एमिनेम घ्या. नव्वदच्या दशकात गाण्यात त्याची जी पोरगी तान्ही होती तिचं अख्खं आयुष्य आपण त्याच्या गाण्यांतून बघितलंय, बाप घरी नाही, आईबापांची भांडणं, सगळं. २०२४ च्या 'टेम्पररी'च्या व्हिडिओत तीच पोरगी त्याच्या हातात सोनोग्राफीचा फोटो ठेवते. मी ढसाढसा. अशी पंचवीस वर्षं चाललेली मालिका दुसऱ्या कुठल्या संगीतात आहे सांगा.

नवा_गडी_२२

काका-काकू लोक राग मानू नका (दिवे घ्या) पण ही सगळी डॅड रॅप आहे. चांगली आहे, बोअर आहे. रॅप म्हणजे भूक. कोणीतरी दार उघडत नाहीये म्हणून लाथ घालायची. आत जाऊन सोफ्यावर बसलेल्या माणसाने कशाला लाथ घालायची? आणि हे मी नाही, आउटकास्टवाल्या आंद्रे ३००० ने स्वतः सांगितलंय. २०२३ ला इतक्या वर्षांनी त्याचा अल्बम आला तर सगळा बासरीचा. पहिल्या ट्रॅकचं नावच असं की खरंच रॅप अल्बम करायचा होता हो पण वारा इकडे घेऊन आला. आणि मुलाखतीत म्हणाला की ४८ व्या वर्षी मी रॅप करू कशावर, कोलोनोस्कोपीला जायचंय यावर? डोळे अधू झालेत यावर? तो तर त्या पिढीतला सगळ्यात भारी लिहिणारा. त्यालाच विषय सुचत नसेल तर विषय संपला.

तिरकस

कोलोनोस्कोपीवर मी ऐकेन. आदल्या रात्री ते औषध पिऊन जो माणूस जागतो त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, स्वानुभव.

थट्टा सोडा. आंद्रेचं ते वाक्य सगळे 'बघा, म्हाताऱ्याने रॅप करू नये' म्हणून फिरवतात. मला ते उलटं वाटतं. डोळे, तपासण्या, हेच तर त्याचं आत्ताचं आयुष्य आहे आणि रॅपमध्ये आत्ताचंच आयुष्य सांगायचं असतं. कवी चाळिशीच्या चष्म्यावर कविता करतो तेव्हा कोणी हसत नाही. रॅपर तेच बोलला तर लोक हसतील ही भीती त्याला आहे आणि भीती खरी आहे कारण आपण हसतो.

सोळा_मात्रा

रोमातून (इतका वेळ नुसता वाचत होतो) बाहेर येतोय कारण विषय जिव्हाळ्याचा. सगळे 'काय बोलायचं' यावर बोलताय, मी 'कसं बोलायचं' यावर बोलतो, कारण वय आधी श्वासात दिसतं.

रॅप म्हणजे दमाचा खेळ. ओळ लिहितानाच श्वास कुठे चोरायचा ते ठरवावं लागतं, नाहीतर सोळा बार्स, म्हणजे सोळा ओळींचं कडवं, पूर्ण होत नाहीत. स्टुडिओत पंच-इन करून, म्हणजे अर्धी अर्धी ओळ वेगळी रेकॉर्ड करून जोडता येते, त्यामुळे रेकॉर्डवर कोण म्हातारा झालाय ते कळत नाही. स्टेजवर लगेच कळतं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी ऑगस्ट २०२१ चं व्हर्झझ (दोन रॅप ग्रुपची गाण्यांची समोरासमोर टक्कर) बघा, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं, द लॉक्स विरुद्ध डिपसेट. दोन्ही बाजूचे लोक साधारण एकाच वयाचे, बहुतेक चाळिशी पार. डिपसेटवाले मागे आपलीच जुनी रेकॉर्ड आवाजासकट चालू ठेवून तिच्यावरून बोलत होते, त्यामुळे श्वास तुटला तरी रेकॉर्ड सांभाळून घेत होती, पण दोन आवाज एकमेकांवर चढून नुसता गोंगाट. लॉक्सवाल्यांनी मागे फक्त बीट ठेवला. जडाकिस उभा राहिला आणि शब्दन् शब्द तोंडाने टाकला, एक ओळ तो घेतोय, दुसरी स्टाइल्स पी उचलतोय, तिसऱ्याला शीक लूच हजर, म्हणजे एकाचा श्वास संपायच्या जागी दुसऱ्याचं तोंड उघडं. इतकी वर्षं एकत्र उभं राहिल्याशिवाय हे जमत नाही. विशीतल्या पोरांत दम जास्त असेल पण ही वाटणी नसते. त्या रात्री वय हा लॉक्सचा तोटा नव्हताच.

वेगाबद्दलही उगाच भ्रम आहेत. 'रॅप गॉड' २०१३ चं, सहा मिनिटांत १५६० शब्द, गिनेस बुकात नोंद आहे, आणि एमिनेम तेव्हा चाळीस-एक्केचाळीसचा. ख्याल गाणारा साठीला पिकतो हे आपण डोळे मिटून मान्य करतो, इथे मात्र पस्तिशीलाच श्रद्धांजली.

बीटवेडा

+१ सोळा_मात्रा. अवांतर: डेफ जॅम या रॅपच्या रेकॉर्ड कंपनीचा एक संस्थापक रिक रुबिन, १९८४ ला हॉस्टेलच्या खोलीतून रॅपच्या रेकॉर्ड काढणारा पोरगा, त्यानेच दहा वर्षांनी १९९४ ला कंट्री गायक जॉनी कॅशला एक गिटार आणि एक माइक देऊन बसवलं. कॅश बासष्टीचा, कंट्रीवाल्यांनी अडगळीत टाकलेला. रुबिनने त्याला तरुण करायचा प्रयत्न केला नाही, उलट आवाजातला थरथराट तसाच ठेवला. असं एखाद्या सत्तरीतल्या रॅपरचं कोणी केलं तर?

अबोली_क

इतक्या प्रतिसादांत एकही बाई नाही, फक्त बायको, आई आणि मुलगी म्हणून. शाब्बास.

जे-झीने ४७ व्या वर्षी चूक कबूल केली की तो मॅच्युअर. लॉरिन हिल १९९८ ला तेविशीची होती आणि तिने आपल्या पोराबद्दल गाणं केलं, करिअरचा विचार कर असं सगळे सांगत असताना मूल ठेवायचं ठरवलं त्याबद्दल. तिला कोणी मॅच्युअर रॅप म्हणालं नाही. बायकांना मोठं व्हायला वेळ द्यावाच लागला नाही, आयुष्याने आधीच मोठं केलं. त्यांना अडवलं ते दुसऱ्या टोकाला. पुरुष पस्तिशीनंतर लेजंड होतो, बाई पस्तिशीनंतर 'अजून आहे का ही?' होते.

मिसी एलियटची स्वतःच्या नावावरची पहिली टूर कधी निघाली माहितेय? २०२४. वय ५३. पहिला अल्बम १९९७ चा. मधली सत्तावीस वर्षं ती दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत, प्रोड्यूस करत होती, आजारपण काढत होती. आणि टूर कशी होती तर म्हातारपणाचा मागमूस नाही, चकाकणारे कपडे, अंतराळ, नाच. मला ते जास्त आवडलं. मॅच्युअर म्हणजे खुर्चीत बसून पश्चात्ताप करणं असंच का?

जुनी_कॅसेट

अबोली, कान पकडले. धागा काढताना माझ्या डोक्यात पण पुरुषच होते.

तिरकस

अबोलीचं शेवटचं वाक्य धरून थोडं कडू बोलतो.

मॅच्युअर रॅप म्हणून जे आपल्यापुढे येतं त्यातलं अर्धं म्हणजे श्रीमंत माणसाची मनःशांती आहे. अमुक भागातली बिल्डिंग तेव्हाच घेतली असती तर, चित्रं घ्या, किंमत वाढते. बरं बुवा. ज्या वस्तीतून तो आला तिथला पन्नाशीचा माणूस अजून दोन नोकऱ्या करतोय, त्याने हे ऐकून काय करायचं? १९८२ ला ग्रँडमास्टर फ्लॅशवाल्यांच्या 'द मेसेज' या गाण्यात तुटक्या काचा, उंदीर, वसुलीवाल्यांचे फोन होते. त्या गाण्यातला माणूस आज पासष्टीचा असेल, त्याचं काय झालं? त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, पोरगा तुरुंगातून सुटला का? हे मला ऐकायचंय आणि ते सांगायला जो जगला तो एकतर करोडपती झाला किंवा त्याला कोणी रेकॉर्ड करत नाही.

रॅप मोठा होईल तो रॅपरच्या वयाने नाही, त्या हरलेल्या माणसाला माइक मिळाला तर.

रात्रपाळी

@तिरकस, का ऐकलाय का? नावच 'का', दोन अक्षरं इंग्रजीत. ब्रुकलिनमधल्या ब्राऊन्सव्हिलचा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन होता, म्हणजे दिवसा खरोखर आगी विझवायचा. नव्वदच्या दशकात रॅपमध्ये प्रयत्न करून झाला होता, जमलं नाही म्हणून सोडलं, आणि २००८ ला पस्तिशी ओलांडल्यावर स्वतःच्या पैशाने पहिला सोलो अल्बम काढला. पुढचे पण सगळे स्वतःच, नवा अल्बम आला की रस्त्यावर उभा राहून हातोहात विकायचा.

ऐकायला विचित्र आहे, आधीच सांगतो. ड्रम जवळजवळ नसतातच. आवाज इतका खाली की शेजारी कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये असं वाटतं. मी रात्रीच्या शिफ्टला ऐकतो, तीनच्या सुमारास, सगळं बंद असतं तेव्हा. गल्लीत मेलेले मित्र, उपाशी लहानपण, पण कुठेही फुशारकी नाही, आपण वाचलो याचाच एक प्रकारचा संकोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, ५२ चा होता, शेवटचा अल्बम त्याच ऑगस्टमध्ये आला होता. करोडपती नाही, हरलेला पण नाही. नोकरी करून घरी येऊन लिहिणारा माणूस.

बीटवेडा

का बद्दल लिहिल्याबद्दल साष्टांग. आणि ५२ वरून आठवलं. आपण म्हातारा होणार म्हणतोय पण मुळात किती जण पोचले? टुपाक २५, बिगी २४, हे तर गोळ्यांनी गेले. नंतरचे बघा, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट ग्रुपमधला फाइफ ४५ ला डायबिटिसने, त्याला बायकोनेच किडनी दिली होती. हेवी डी ४४, प्रॉडिजी ४२, एमएफ डूम ४९, डीएमएक्स ५०, बिझ मार्की ५७. डे ला सोल ग्रुपचा डेव्ह ५४ ला फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला आणि तीनच आठवड्यांत, ३ मार्चला त्यांची जुनी गाणी पहिल्यांदा स्ट्रीमिंगवर आली. वर्षानुवर्षं सॅम्पलच्या (दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून घेतलेल्या तुकड्यांच्या) हक्कांत आणि करारांत अडकली होती. तीन आठवडे हो.

फाइफ गेला त्या वर्षी, २०१६ ला, ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा १८ वर्षांनी अल्बम आला, त्याचे व्हर्स त्याने आधी रेकॉर्ड करून ठेवलेले. गाणी चालू असतात, तो हसतोय, खोडी काढतोय, आणि ऐकणाऱ्याला माहीत आहे. थेट अमेरिकेत एक नंबरला गेला तो अल्बम. आमच्या ग्रुपमध्ये त्यानंतर चौघांनी शुगर तपासून घेतली. रॅपने मला दिलेला सर्वात प्रौढ सल्ला हाच.

नवा_गडी_२२

ओके हे माहीत नव्हतं. फाइफचं.

पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. तुम्ही सांगताय ते सगळं आठवणी आणि मरण. लढाई कुठेय? रॅपमध्ये समोरच्याला फाडायचं असतं, ते तरुणांचंच काम.

सोळा_मात्रा

बाळा, २०२४ ची सर्वात मोठी लढाई कोणात झाली? केंड्रिक ३६, ड्रेक ३७. दोघंही बाप. आणि एकमेकांना मारलं ते कशावरून, तर कोण कसला बाप आहे यावरून. विशीतल्या पोरांना हा वार सुचलाच नसता. त्याच्या दोनच वर्षं आधी केंड्रिकने थेरपी आणि वडलांबद्दल अल्बम काढला होता, तेव्हा तुझ्यासारखेच लोक म्हणाले की संपला, मऊ झाला.

नवा_गडी_२२

😶

जुनी_कॅसेट

आता माझं मत, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मला वाटतं रॅपर मोठे झालेत. किलर माइक २०२४ ला ग्रॅमी घेताना (आणि त्याच संध्याकाळी बेड्या पडायच्या आधी) साधारण असं म्हणाला की वय आड येत नाही, वयाबद्दल खोटं बोलणं आड येतं. तो ४८ चा होता. एल-पी आणि तो, दोघांनी रन द ज्युएल्स सुरू केलं तेव्हा दोघंही ३८ चे. म्हणजे तिकडून काम झालंय. गाडी अडलीय ती आपल्यापाशी.

नास बघा. पहिला अल्बम 'इलमॅटिक' १९९४ ला, विसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून त्याने काहीही केलं की आपण म्हणतो 'पण इलमॅटिक'. २०२० ते २०२३ या चार वर्षांत प्रोड्यूसर हिट-बॉयबरोबर सहा अल्बम केले, सहा! पहिली ग्रॅमी त्यातल्याच पहिल्या अल्बमला मिळाली, ४७ व्या वर्षी. किती जणांनी सहाही ऐकले? हात वर करा. मी दोन. इलमॅटिक मात्र वर्षाला वीसदा. कॉन्सर्टला नवीन गाणं सुरू झालं की लोक पाणी प्यायला जातात, मी पण जाते.

२०२२ चा सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) आठवा, त्यातला मधल्या सुट्टीतला शो. डॉ. ड्रे वर्षभरापूर्वी मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या दुखण्यातून उठलेला, त्याने सगळ्यांना एकत्र आणलं आणि ५० सेंट ४६ व्या वर्षी छतावरून उलटा लटकत आला, कारण २००३ च्या व्हिडिओत लटकला होता. आम्ही घरात किंचाळलो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याच्या पोटावर जोक. म्हणजे बघा हं, आपणच त्याला उलटा लटकवायचा आणि आपणच म्हणायचं की काय हे, वय काय तुझं!

तर आपण गाणं ऐकत नसतो, आपण त्या गाण्यातला आपला विसाव्या वर्षाचा फोटो बघत असतो. त्यात रॅपर म्हातारा दिसला की फोटो खराब होतो. पुशा टीचं ते गाणं मला चावलं कारण त्यात माझा फोटो नव्हता. माझी आई आहे अजून, ७४ ची आहे, आणि हल्ली फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगते आणि मी "सांगितलंस गं" म्हणून तोडते.

अबोली_क

...

तोडू नकोस.

तिरकस

वर्षाच्या शेवटी ॲप सांगतं ना की तुमची सर्वाधिक ऐकलेली गाणी, माझी पाचही २००१ च्या आधीची निघाली. मान्य करतो. पण मग प्रश्न तुझ्या लेकीचा आहे. ती पन्नाशीची होईल तेव्हा तिचे रॅपर पण पन्नाशीचे असतील आणि त्यांना म्हातारे रॅपर बघायची सवय असेल. आपल्या पिढीला ती नव्हती, कारण आपल्या आधी कोणी म्हातारा रॅपर झालाच नव्हता. एलएल कूल जे ने २०२४ ला ५६ व्या वर्षी अल्बम काढला तेव्हा तो कोणाकडे बघून शिकणार होता? पुढे रस्ताच नव्हता. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

जुनी_कॅसेट

तिरकस, तुझं हेमाशेपो या धाग्यावर तरी कोणी खरं मानत नाही.

लेकीला विचारलं. म्हणाली, "माझे रॅपर म्हातारे झाले तर मी दुसरे ऐकेन."

नवा_गडी_२२

हाहाहा तुमची लेक माझ्या टीममध्ये.

बाय द वे @रात्रपाळी, काल रात्री का लावला. पहिले दोन ट्रॅक वाटलं हेडफोन बिघडलाय, आवाज वाढवत गेलो, ड्रम येतच नाहीत. तिसऱ्याला सोडून दिलं. आज बसमध्ये परत लावला. अजून आवडला असं नाही म्हणणार. पण एक ओळ परत परत मागे नेऊन ऐकतोय, नीट कळत नाहीये काय म्हणतोय. लिरिक्स कुठे मिळतील?

रात्रपाळी

लिरिक्स वाचू नकोस इतक्यात. अजून दोनदा ऐक. २०१२ चा 'ग्रीफ पेडिग्री' पण लाव, त्यात थोडा तरी बीट आहे, तुला बरं पडेल.